पाचव्यांदा

घणसोली. शाळेचा तिसरा मजला.
शेवटची फेरी, पहिला पट.
खाली गल्लीत कुणाची तरी हळद आहे,
बेंजोवाल्यांनी आमच्या खिडक्यांच्या काचाही वाजवायला घेतल्यात,
आणि रबाळ्याकडून तो रात्रीचा वास,
पेरू कुजल्यासारखा,
ज्याची तक्रार आता कुणीच करत नाही.

ग्रँडमास्टर टिल्लू, नौपाड्याचे.
इंटरनॅशनल मास्टर मुबीन तुंगेकर, कौशाचा.
दुपारी ऐरोलीहून एकाच रिक्षाने आले,
भाडं कुणी द्यायचं यावरून गेटपाशी इतके भांडले
की रिक्षावाला म्हणाला, साहेब, कुणीतरी द्या.

मी पंच.
पांढरा शर्ट, गळ्यात कार्ड, हात पाठीमागे.
सगळं बघायचं आणि बोलायचं नाही.
सासरी बावीस वर्षं काढलेल्या बाईला
हे काम फार शिकवावं लागत नाही.

प्रत्येकी तीन मिनिटं,
खेळीमागे दोन सेकंद वर,
वाण्याने सुट्ट्याऐवजी हातावर ठेवलेल्या गोळीसारखे.
सुरुवातीच्या बारा खेळ्या ते खेळलेच नाहीत,
नुसत्या ओतल्या.
मग टिल्लूंनी चष्मा काढला,
मग उंट गेले, वजीर गेले,
पट रिकामा होत होता
आणि पटाभोवतीची गर्दी दाट.

आता मुबीनचं प्यादं सातव्या रांगेत,
उंबऱ्याशी, चपला काढून उभं.
एक पाऊल, की वजीर.
पण टिल्लूंचा हत्ती बाजूने शह देतो.
राजा वर. शह.
राजा खाली. शह.
टक्. टक्.

तीनदा तीच स्थिती.
मागेल त्याला बरोबरी.
मुबीन मागणार नाही:
पहिल्याला अकरा हजार, बरोबरीने तो चौथा,
आणि चौथ्याला मिक्सर.
टिल्लू मागत नाहीत, कारण
त्यांना पटापेक्षा घड्याळ स्वच्छ दिसतंय,
मुबीनच्या बाजूला चार सेकंद.

चौथ्यांदा.
पाचव्यांदा झालं तर मलाच थांबवायचंय,
कुणी मागो न मागो.
उजवा हात पाठीमागच्या डाव्यातून
केव्हा सुटला, कळलं नाही.

आणि मुबीनचा राजा वर गेलाच नाही.
तिरका आला, उघड्यावर.
मला वाटलं, संपला.
मग दिसलं, तिथे त्याच्याच हत्तीचा आडोसा आहे,
तिथे शह पोचत नाही.
इतका वेळ ते घर तिथेच होतं.

बाही लागली.
हत्ती आडवा,
गडगडत दोन घरं पलीकडे.
तीन सेकंद.
उचलला. ठेवला.
आणि बटण दाबायचं सोडून
त्याने बोटाने तो मधोमध सरकवला,
रेषेवर होता, केसभर.

कोपरखैरण्याच्या टॉवरमध्ये, क्लबहाउसात,
दर शनिवारी सात-आठ वर्षांच्या पोरांना
तो हेच ओरडून सांगतो:
आधी सोंगटी नीट, मग घड्याळ.

शून्य.

टिल्लूंनी लगेच हात पुढे केला नाही.
चष्मा घातला. हत्तीकडे बघत राहिले.
"जिंकला होतास."
"माहितीये."
मी तक्त्यावर लिहिलं. काळा, एक.
अक्षर नीट आलं, याचा थोडा राग आला.

बक्षिसं वाटून झाली.
मिसळीच्या प्लेटा गेल्या, खुर्च्या रचल्या गेल्या,
वॉचमन जिन्यात उगाच किल्ल्या वाजवतोय,
आणि हे दोघे घड्याळ बंद करून
परत तिथेच.
राजा वर. शह. राजा खाली.
सहाव्यांदा, सातव्यांदा.
आता मोजायचं कारण नव्हतं,
मी मोजत होते.

सव्वादहाला टिल्लू उठले.
"चल. रिक्षाचे मी देतो."
"नाही," मुबीन म्हणाला.
मी पेटी उघडून उभी.
एकतीस सोंगट्या भरल्या.
बत्तिसावी त्याच्या मुठीत.